विंडोज अपडेटनंतर लिनक्स दिसेना? ड्युअल बूट दुरुस्तीचा माझा ठरलेला क्रम

एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांकडून मला येणारी तक्रार जवळपास शब्दशः सारखी असते. "काल रात्री अपडेट झालं, सकाळपासून थेट विंडोजच उघडतंय. लिनक्स उडालं वाटतं." उडालेलं नसतं. बहुतेक वेळा एक बाइटही पुसला गेलेला नसतो, पण घाबरून केलेल्या उपायांत मात्र खरोखरच डेटा जातो. म्हणून खालचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे ठेवलाय. एखादी पायरी थेट पुढच्या नंबरकडे पाठवत नसेल, तर वरची झाल्याशिवाय खालची करू नका.

इथे लिनक्स म्हणजे उबुंटू, मिंट आणि त्यांच्या घराण्यातली मंडळी. फेडोराचं जिथे वेगळं आहे तिथे सांगितलंय.

लक्षणं

तुमचं दुखणं यातलं कोणतं ते आधी पाहा, कारण प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

- मशीन चालू केलं की लिनक्ससोबत येणाऱ्या ग्रब या बूट प्रोग्रामचा मेनू, म्हणजे कोणती सिस्टीम उघडू असं विचारणारी यादी, येतच नाही. सरळ विंडोज उघडतं.
- मेनू येतो, पण त्यात विंडोजचं नाव नाही.
- काळ्या पडद्यावर नुसतं "ग्रब" किंवा "ग्रब रेस्क्यू" आणि पुढे लुकलुकणारा कर्सर.
- "व्हेरिफाइंग शिम एसबॅट डेटा फेल्ड: सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन" असा इंग्रजी संदेश येतो आणि मशीन बंद पडतं.
- लिनक्समधून विंडोजची ड्राइव्ह दिसते, फाइल उघडते, पण काहीच सेव्ह होत नाही.
- निळ्या पडद्यावर बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कला कुलूप घालणाऱ्या सोयीची, रिकव्हरी की मागितली जाते.

घड्याळ काही तासांनी मागेपुढे होणं हे यातलं लक्षण नाही, तरी ती तक्रारही सोबत येतेच. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं आणि लिनक्स त्यालाच यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजतं. लिनक्समध्ये "टाइमडेटसीटीएल" कमांडचा "सेट-लोकल-आरटीसी" हा पर्याय १ केला की भांडण मिटतं. बूटशी त्याचा संबंध नाही.

मुळात होतं काय

गेल्या दहाएक वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या मशीनमध्ये जुन्या बायोसच्या जागी यूईएफआय असतं. बोलताना सगळे त्याला बायोसच म्हणतात, मीही तेच म्हणतो. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये एक यादी असते: आधी कोणाला हाक मारायची, तो नाही सापडला तर कोणाला. प्रत्यक्ष बूट करणाऱ्या फाइली मात्र डिस्कवरच्या एका छोट्या फॅट३२ पार्टिशनमध्ये, म्हणजे डिस्कच्या वेगळ्या केलेल्या भागात, असतात. त्याला ईएसपी म्हणतात. त्यात मायक्रोसॉफ्ट नावाचा एक फोल्डर आणि उबुंटू नावाचा दुसरा, दोघं शेजारी शेजारी नांदतात.

विंडोजचं मोठं अपडेट किंवा बायोसचं अपडेट झालं की कधी कधी या यादीत विंडोज पहिल्या नंबरवर जाऊन बसतं. उबुंटूचा फोल्डर जागेवरच असतो. हजेरीपटातला नंबर खाली गेला म्हणून मुलगा शाळेतून गेला असं होत नाही. म्हणूनच "लिनक्स पुन्हा टाकून घ्या" हा सल्ला कोणी दिला तर आधी खालच्या पायरी १ आणि २ करा.

हात लावण्याआधी

बिटलॉकरची की शोधून ठेवा. ही एक गोष्ट टाळून कोणी पुढे गेलं की माझ्या पोटात गोळा येतो. "मी बिटलॉकर कधी लावलंच नाही" असं सगळेच सांगतात. पण विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, मायक्रोसॉफ्ट खात्याने नवीन सेटअप केलेल्या मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे बिटलॉकरचंच साधं रूप, आपसूक सुरू होतं. विंडोजच्या सेटिंगमध्ये "डिव्हाइस एन्क्रिप्शन" शोधा. चालू दिसलं तर मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून ४८ आकडी रिकव्हरी की मिळवा आणि कागदावर लिहा. त्याच लॅपटॉपवर सेव्ह करून उपयोग नाही, हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

कारण असं: कुलपाची किल्ली मशीनमधल्या टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये असते, आणि बूट होताना सगळं नेहमीसारखं दिसलं तरच ती चिप किल्ली देते. तुम्ही सिक्युअर बूट, म्हणजे फक्त विश्वासातले बूट प्रोग्राम चालू देणारी बायोसची सोय, बंद केलंत किंवा बूटचा क्रम हलवलात, तर तिला संशय येऊ शकतो आणि मग विंडोज रिकव्हरी की मागतं. की नसेल तर तो डेटा कोणीही उघडू शकत नाही, मायक्रोसॉफ्टसुद्धा नाही. की हाताशी आली की कामापुरतं बिटलॉकर "सस्पेंड" करून ठेवलं तर आणखी बरं.

विंडोज उघडतंय ना? मग महत्त्वाच्या फाइली आत्ताच बाहेरच्या ड्राइव्हवर घ्या.

१. बूट मेनूतून लिनक्स उघडतं का?

फुकट, मिनिटभराचं काम, आणि निम्मं निदान इथेच होतं.

मशीन चालू करताना एफ१२, एफ९, एफ११, एफ८ किंवा एस्केप यांपैकी एका बटणाने बूट मेनू उघडतो. कोणतं ते मशीनवर अवलंबून आहे. जमत नसेल तर विंडोजमधूनच जा: शिफ्ट दाबून ठेवा आणि रीस्टार्टवर क्लिक करा. निळा पडदा येईल, त्यात "यूज अ डिव्हाइस" निवडा. तिथे उबुंटूचं नाव दिसलं तर निवडा.

लिनक्स उघडलं? मग फक्त क्रम बिघडलाय, दुसरी पायरी करा आणि मोकळे व्हा. एसबॅटचा संदेश आला तर पाचवी. उबुंटू हे नावच नसेल तर सहावी.

एक चकवा: ग्रब असतो, पण मेनू लपवलेला असतो. लिनक्सच थेट उघडत असेल आणि विंडोजला जाता येत नसेल, तर चालू होताना एस्केप एकदाच दाबून बघा. सारखं सारखं दाबलंत तर ग्रबच्या कमांड लाइनवर जाऊन पडाल. तिथे "नॉर्मल" टाइप करून एंटर मारलं की मेनू परत येतो.

२. बायोसमधला क्रम

बायोसमध्ये "बूट" या विभागात जाऊन उबुंटूला विंडोज बूट मॅनेजरच्या वर न्या, एफ१० ने सेव्ह करून बाहेर पडा. बस.

काही मदरबोर्डवर दोन याद्या असतात. बाहेरची यादी हार्ड डिस्क, पेनड्राइव्ह, नेटवर्क अशा प्रकारांची, आणि तिच्या आत "यूईएफआय हार्ड डिस्क प्रायॉरिटी" अशा काहीशा नावाची दुसरी. लोक बाहेरची यादी मन लावून खालीवर करतात आणि काहीच बदलत नाही म्हणून वैतागतात. उबुंटू आणि विंडोज यांच्यातला क्रम आतल्या यादीत असतो.

इथेच तारीख पाहून घ्या. ती काही वर्षं मागची दिसत असेल आणि दुरुस्त करूनही प्लग काढल्यावर परत मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा बटण सेल संपलाय. सेल मेला की काही बोर्ड सगळी सेटिंग मूळपदावर नेतात, आणि बूटचा क्रमही त्यातच जातो. डेस्कटॉपमध्ये तो बहुधा सीआर२०३२ असतो, सहज बदलता येतो. लॅपटॉपमध्ये तो वायरीने जोडलेला किंवा आत खोलवर असू शकतो. तिथे दुकानात दिलेलं बरं.

३. फास्ट स्टार्टअप बंद करा

विंडोज ८ पासून "शटडाउन" म्हणजे पूर्ण बंद होणं राहिलेलं नाही. वापरकर्त्याचं काम बंद होतं, पण सिस्टीमचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा गोठवून ठेवला जातो, म्हणजे उद्या लवकर चालू व्हावं. रीस्टार्ट मात्र खरोखर पूर्ण होतं. हे उलटं वाटतं, पण आहे तसंच आहे.

याचा त्रास लिनक्सला होतो. गोठवलेल्या अवस्थेतली विंडोजची ड्राइव्ह लिनक्स एकतर फक्त वाचण्यापुरती उघडतं किंवा उघडायला नकार देतं, आणि ते योग्यच करतं. त्या अवस्थेत कोणी जबरदस्तीने काही लिहिलं, तर विंडोज जागं झाल्यावर त्याच्या डोक्यातलं चित्र आणि डिस्कवरची वस्तुस्थिती जुळत नाही. फाइली खराब होतात त्या अशा. "फाइल सेव्ह होत नाही" या तक्रारीचं उत्तर बहुधा इथेच सापडतं.

कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", मग वरची "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" ही ओळ, आणि खाली "टर्न ऑन फास्ट स्टार्टअप" समोरची खूण काढा. मोठ्या अपडेटनंतर ही खूण कधी कधी परत आलेली दिसते, तेव्हा सहज एकदा डोकावत जा.

४. मेनू आहे, विंडोज नाही

ग्रबची २.०६ ही आवृत्ती २०२१ मध्ये आली. तेव्हापासून ग्रब दुसऱ्या सिस्टीम स्वतःहून शोधत नाही. शोधणारा छोटा प्रोग्राम म्हणजे ओएस-प्रोबर, आणि तो सुरक्षेच्या कारणाने मुळात बंद ठेवलेला असतो. ईटीसीच्या आतल्या डिफॉल्ट फोल्डरमध्ये ग्रब नावाची फाइल आहे. ती अ‍ॅडमिन अधिकाराने उघडा. "ग्रब डिसेबल ओएस प्रोबर" ही ओळ शोधा आणि तिची किंमत "फॉल्स" आहे याची खात्री करा. उबुंटूच्या नव्या आवृत्त्यांत ओळ तयार असते, फक्त तिच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह असतं. ते खोडलं की झालं. मग "सुडो अपडेट-ग्रब" चालवा. फेडोरामध्ये त्याजागी "ग्रब२-एमकेकॉन्फिग".

कमांड चालताना "फाउंड विंडोज बूट मॅनेजर" ही ओळ दिसली की काम झालं. नाही दिसली तर दोन्ही सिस्टीम एकाच पद्धतीने टाकल्या आहेत का ते तपासा. विंडोजमध्ये "एमएसइन्फो३२" चालवा, "बायोस मोड" समोर यूईएफआय आहे की लेगसी, म्हणजे जुनी बायोस पद्धत, ते दिसेल. लिनक्समध्ये सिस फोल्डरातल्या फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचा फोल्डर असेल तर यूईएफआय, नसेल तर लेगसी. एक इकडे आणि एक तिकडे असेल, तर ग्रब एकातून दुसऱ्यात नेऊ शकत नाही. कितीही वेळा अपडेट-ग्रब चालवा.

हा गोंधळ इन्स्टॉल करतानाच होतो. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा नुसत्या नावाने आणि एकदा पुढे यूईएफआय लावून. घाईत वरचा निवडला की लिनक्स लेगसी पद्धतीने बसतं. लिनक्स नवंच असेल तर योग्य नाव निवडून पुन्हा टाकणं हाच कमी कटकटीचा मार्ग.

५. एसबॅटचा संदेश

२०२४ च्या ऑगस्टमधल्या विंडोज सुरक्षा अपडेटने सिक्युअर बूटमध्ये एक बंदी लागू केली: ज्ञात त्रुटी असलेले जुने बूटलोडर, म्हणजे सिस्टीम सुरू करून देणारे प्रोग्राम, चालू द्यायचे नाहीत. ड्युअल बूट असलेल्या मशीनना ती लागू व्हायची नव्हती, पण सगळीकडे ते ओळखलं गेलं नाही आणि अनेकांचं लिनक्स दारातच अडलं. २०२५ च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने त्यावर दुरुस्ती दिली. तरी जुनं लिनक्स बरेच दिवस अपडेट न केलेल्या मशीनवर हा संदेश अजूनही भेटतो.

उपाय: बिटलॉकरची की जवळ ठेवून सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्स उघडा, सगळे अपडेट घ्या. त्यात शिम, म्हणजे सिक्युअर बूटमध्ये ग्रबच्या आधी चालणारा छोटा प्रोग्राम, याचं पॅकेज नवीन झालं पाहिजे. मग सिक्युअर बूट पुन्हा चालू करा. एवढ्याने भागलं नाही तरच "मॉकयूटिल" कमांडने एसबॅट पॉलिसी, म्हणजे याच बंदीचा नियम, डिलीट करण्याचा मार्ग आहे. तो सगळीकडे पहिला उपाय म्हणून सांगितला जातो, मला पटत नाही. बंदी उठवण्यापेक्षा बंदीत न अडकणारा शिम घ्यावा.

आणि हाच संदेश लाइव्ह पेनड्राइव्हवरूनही, म्हणजे इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या पेनड्राइव्हवरूनही, येत असेल, तर पेनड्राइव्ह जुना आहे, मशीनमध्ये नवा दोष नाही. लिनक्सची ताजी आयएसओ फाइल उतरवून नवीन बनवा.

६. ग्रब पुन्हा बसवणं

इथपासून काम अंगावर येतं. यादीत उबुंटू नाहीच, किंवा ग्रब रेस्क्यूच्या पडद्यावर अडकलात, तरच इथे या.

ग्रब रेस्क्यू का येतो? ग्रबचा सुरुवातीचा तुकडा चालू होतो, पण त्याला उरलेलं लिनक्स जिथे असायला हवं तिथे सापडत नाही. बहुधा कोणीतरी विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन पार्टिशन लहानमोठं केलेलं असतं. किंवा "हे अनोळखी पार्टिशन कशाचं" म्हणून उडवलेलं असतं. लिनक्सची पार्टिशन विंडोजला वाचता येत नाहीत, त्यामुळे तिथे ती बिननावाची दिसतात आणि बळी जातात.

लाइव्ह पेनड्राइव्हवरून "ट्राय" निवडून आत या आणि "डिस्क्स" अ‍ॅप उघडा. ईएक्सटी४ प्रकारचं तुमचं लिनक्सचं पार्टिशन पूर्ण आकारात दिसतंय? मग पुढे चला. त्याजागी मोकळी जागा दिसतेय? थांबा. त्या जागेवर काहीही नवीन बनवू नका. टेस्टडिस्क या प्रोग्रामने हरवलेलं पार्टिशन सापडू शकतं, पण शोधणं आणि डिस्कवर बदल लिहिणं यात फरक आहे. पूर्वी केलेलं नसेल आणि डेटा लागणारच असेल तर जाणकाराला बोलवा.

पार्टिशन शाबूत असेल तर सोपा मार्ग म्हणजे बूट-रिपेअर हा प्रोग्राम. लाइव्ह सत्रात ते टाकून "रेकमेंडेड रिपेअर" दाबायचं. हाताने करायचं असेल तर लिनक्सचं पार्टिशन माउंट करा, त्याच्या आतल्या बूट फोल्डरमधल्या ईएफआयवर ईएसपी माउंट करा, डेव्ह, प्रॉक आणि सिस बाइंड करा, सीएचरूटने आत जा, मग "ग्रब-इन्स्टॉल" आणि त्यानंतर "अपडेट-ग्रब". यूईएफआयवर चालणाऱ्या फेडोरात ग्रब-इन्स्टॉल वापरू नका. तिथे शिम आणि ग्रब२-ईएफआय ही पॅकेजं "डीएनएफ रीइन्स्टॉल"ने परत बसवतात.

ईएसपी कधीही फॉरमॅट करू नका. ग्रब परत बसवण्यासाठी ते रिकामं करावं लागत नाही, आणि त्यात विंडोजचाही बूट फोल्डर असतो. एकाचं दुखणं बरं करायला जाऊन दुसरा आडवा होतो. मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर दोन ईएसपी असू शकतात, म्हणून माउंट करण्याआधी आत डोकावून फोल्डर ओळखा.

७. दर वेळी परत विंडोजच

क्रम लावलात, चार दिवस चाललं, पुन्हा तेच. काही लॅपटॉपचं बायोस हट्टी असतं. यादीत काहीही लिहा, ते विंडोजचीच फाइल उचलतं.

काही बायोसमध्ये बूट फाइल "ट्रस्टेड" म्हणून नोंदवण्याची सोय असते, पण सुपरवायझर पासवर्ड लावल्याशिवाय तो पर्याय राखाडीच राहतो. लावा, फाइल म्हणून उबुंटू फोल्डरातली शिम निवडा. पासवर्ड लिहून ठेवा, विसरलात तर ती स्वतंत्र डोकेदुखी आहे. दुसरा मार्ग विंडोजच्या अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमधून "बीसीडीएडिट"ने बूट मॅनेजरचा पाथ शिमकडे वळवणं. चालतं, पण एखाद्या अपडेटने परत फिरू शकतं. विंडोजच्या बूट फाइलचं नाव बदलून तिथे ग्रब ठेवण्याची युक्ती मी कोणालाही सांगत नाही. पुढचं अपडेट ती फाइल परत लिहितं आणि मग कोण कुठे आहे हेच कळेनासं होतं.

मशीनमध्ये दुसऱ्या एसएसडीची जागा असेल तर लिनक्सला स्वतःची डिस्क आणि स्वतःचा ईएसपी द्या, आणि बूट मेनूच्या बटणाने निवडत जा. माझ्या मते एवढा टिकाऊ उपाय दुसरा नाही. फक्त इन्स्टॉल करताना विंडोजची डिस्क बायोसमधून बंद करा किंवा केबल काढून ठेवा. नाहीतर इन्स्टॉलर बूटलोडर पहिल्याच डिस्कच्या ईएसपीवर टाकण्याची शक्यता असते आणि वेगळ्या डिस्कचा मुद्दाच संपतो.

इथे हात थांबवा

डिस्क बायोसमध्येच दिसत नसेल. हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल. "डिस्क्स" अ‍ॅपमधला स्मार्ट अहवाल, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, डिस्क निकामी होत असल्याचं सांगत असेल, किंवा लाइव्ह सत्रात इनपुट-आउटपुट एररच्या ओळी धावत असतील. हे बूटचं दुखणंच नाही, आणि ग्रब-इन्स्टॉल, बूट-रिपेअर, चेकडिस्क यांचा प्रत्येक फेरा मरणाऱ्या डिस्कवर ताण वाढवतो. मशीन बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या.

बिटलॉकर की मागतंय आणि की कुठेच नाही, तर डिस्क फॉरमॅट करण्याआधी जिथे जिथे मायक्रोसॉफ्ट खातं असू शकतं ती सगळी पाहा: घरच्यांची, शाळा-कॉलेजची, ऑफिसची. मशीन ऑफिसचं असेल तर आयटी विभागाला फोन करा आणि बायोसला हात लावू नका. बायोस अपडेट अर्धवट राहून पडदा काळाच असेल तर ते काम सर्व्हिस सेंटरचं.

मशीन दुकानात देताना तोंडी सांगू नका, चिठ्ठी लावा: "दोन सिस्टीम आहेत, फॉरमॅट करू नये, डेटा हवा आहे." सोबत अडकलेल्या पडद्याचा फोटो आणि पार्टिशनच्या यादीचा फोटो द्या. बिटलॉकरची की चिठ्ठीवर लिहू नका, लागली तर फोन करा म्हणावं.